दारातला पाय

३ मार्च, सोमवार

आजपासून राग वहीत. हिने कपाटातून ही कोरी वही काढली, माझ्यासमोर आपटली आणि म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना? बीपी खाली यायला तयार नाही. जे काय ओरडायचंय ते यात ओरडा. माझे कान आजपासून सुट्टीवर." बरं. ओरडतो.

ओरडण्याजोगं आहेच. गेली एकोणतीस वर्षं मी लिफ्टचा मेकॅनिक. आमच्या मालकांकडे एक्केचाळीस लिफ्टची देखभाल आहे. प्रत्येक केबिनमध्ये एक लाल बटण असतं. आत अडकलेल्या माणसाने ते दाबलं की बटणामागच्या डबीतलं सिम आमच्या कंट्रोल रूमला फोन लावतं आणि तिथली मुलगी म्हणते, "बोला." एवढंच ते यंत्र. आमच्या सगळ्या डब्या जुन्या टू-जी नेटवर्कवर चालतात, आणि आज पत्र आलं की एकतीस मार्चच्या संध्याकाळी सहाला टू-जी कायमचं बंद. का, तर जुनं झालं. जुना मीही झालोय. मलाही सहा वाजता बंद करा.

टू-जीवर फोटो जात नाहीत, सिनेमा दिसत नाही, सगळं कबूल. पण लिफ्टमध्ये अडकलेल्याला सिनेमा बघायचा नसतो, त्याला दुसऱ्या माणसाचा आवाज हवा असतो. तो आवाज या म्हाताऱ्या नेटवर्कने बारा वर्षं तळघरापासून गच्चीपर्यंत बिनबोभाट पोचवला. आता दोन कंपन्यांची फोर-जी आहेत, त्यातलं एक निवडा म्हणे. ज्याने काम केलं त्याला काढायचं आणि ज्याने नुसत्या जाहिराती केल्या त्याला घ्यायचं. जगाचीच रीत झालीय ही.

ताईच्या इमारतीतली लिफ्टही या एक्केचाळीसात आहे. ताई सहाव्या मजल्यावर एकटी राहते. गुडघे गेलेत, दमा आहे. तिला लिफ्टशिवाय गत्यंतर नाही.

५ मार्च, बुधवार

आज जांभळ्या कंपनीचा माणूस आला. त्याने नाव सांगितलं, पण माझ्या लक्षात राहिला तो टाय, तेव्हा टायवाला. त्याने मालकांच्या टेबलावर शहराचा नकाशा पसरला. जिथे रेंज तिथे जांभळा रंग. नदी जांभळी, स्मशान जांभळं, आमचं ऑफिसही जांभळं.

"शंभर टक्के कव्हरेज, सर."

मी विचारलं, "हा नकाशा कुठे उभं राहून काढला?"

"गाडी फिरवून. टपावर अँटेना लावतो आणि एकूण एक रस्ता पालथा घालतो."

"लिफ्ट रस्त्यावर असते का?"

टायवाला हसला. "सर, रेंज इतकी जबरदस्त आहे की तो प्रश्नच येत नाही."

उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात त्या अशा. माणूस अडकणार सिमेंटच्या विहिरीत आणि हे रेंज मोजणार गाडीच्या टपावर! माझा चहा तसाच राहिला.

हिरव्या कंपनीने तर माणूसही पाठवला नाही, नुसतं पत्रक. त्यांच्या नकाशाला उंदराने कुरतडल्यासारखी भोकं. खाली लिहिलंय, आमचा इंटरनेटचा वेग थोडा कमी आहे, पण आमच्या लहरी भिंतींमधून जास्त आत शिरतात. आपल्याच तोंडाने आपला वेग कमी सांगणारी कंपनी मी पहिल्यांदा पाहिली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय?

टायवाला गेल्यावर मालक मला म्हणाले, "तुम्ही दोघांवरही विश्वास ठेवू नका. एक्केचाळीस लिफ्टमध्ये स्वतः जाऊन बघा. तुम्ही सांगाल त्या कंपनीची सिम घेऊ. तुमचा शब्द शेवटचा."

एकोणतीस वर्षांत मला लोकांनी स्क्रूचं माप विचारलंय, तेल कधी घातलं ते विचारलंय. शब्द कोणी विचारला नव्हता. घरी येऊन हिला सांगितलं तर म्हणाली, "मग आजच बीपी मोजून घेऊ या."

६ मार्च, गुरुवार

कामाला सुरुवात. ताईकडे इस्त्रीच्या टेबलाची जुनी फळी होती. तिने त्यावर इलास्टिकचे तीन पट्टे ठोकून दिले. ती कपडे दुरुस्त करते, त्यामुळे इलास्टिकला तोटा नाही. पट्ट्यांत तीन फोन: एक जुना टू-जीचा, एक जांभळ्यांचा, एक हिरव्यांचा. फळी हातात धरायची आणि कुणाच्या रेंजच्या किती दांड्या दिसतात ते लिहायचं. चहाच्या ट्रेसारखी ती धरून चालताना लोक बघतात, बघू देत.

पण ऑफिसमधून निघतानाच ठिणगी पडली. चार महिन्यांपूर्वी एक नवी इंजिनिअर आलीय, माझ्या मुलीच्या वयाची. तिने एक तक्ता छापून आणला. प्रत्येक लिफ्टसमोर दोन रकाने: 'दार उघडं' आणि 'दार बंद'.

"काका, दुसरं रीडिंग दार लावून, केबिन दोन मजल्यांच्या मध्ये थांबवून घ्या."

"मॅडम, लिफ्टवर काम करताना मी दार लावत नसतो."

हे तिला कुठून कळणार? माझ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ज्या लिफ्टवर काम करतोस तिच्या पोटात शिरायचं नाही, एक पाय कायम दारात. त्यांच्या जोडीदाराने एकदा दार लावून घेतलं, केबिन आपोआप सुटली, आणि पुढे त्या माणसाला डाव्या हाताने सही करायला शिकावं लागलं. तेव्हापासून आत पाऊल टाकलं की माझा डावा पाय उंबऱ्यातच राहतो. मी ठेवत नाही, तो राहतो. माझ्या प्रत्येक डाव्या बुटाला बाहेरून दाराची खाच पडलेली आहे.

"आणि दार काय रेंज खातं?" मी विचारलं.

"खातं की, काका. पत्र्याचं आहे ना." आणि हसली. लहान मुलाला समजावताना हसतात तशी.

टाळकं सणकलं. पुस्तकात लिफ्ट बघितलेली पोर मला दार शिकवणार! आज चार लिफ्ट झाल्या. चारही ठिकाणी जुना चार दांड्या, जांभळा पाच, हिरवा तीन. दुसऱ्या रकान्यात पहिल्याचेच आकडे उतरवले. तक्ता भरल्याशी मतलब.

११ मार्च, मंगळवार

आजवर तेवीस लिफ्ट. आज एका इमारतीच्या कमिटीचे अध्यक्ष मागे लागले की रेंज आमच्या बाल्कनीत तपासा, तिथे उत्तम येते.

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही बाल्कनीत अडकणार आहात का?"

त्यांना राग आला. येऊ दे. एक रस्त्यावर मोजतो, दुसरा बाल्कनीत मोजायला सांगतो. अरे, माणूस जिथे अडकणार तिथे उभं राहून मोजायला नको? एवढी साधी अक्कल या शहरात माझ्याशिवाय कुणालाच नाही याचा मला खरंच त्रास होतो.

संध्याकाळी इंजिनिअरने विचारलं, "काका, दुसरा रकाना भरताय ना?"

"भरतोय."

खोटं नाही बोललो. भरतोयच.

१४ मार्च, शुक्रवार

आज ताईची इमारत. मी तळमजल्यावर फळी घेऊन दारात उभा होतो तेवढ्यात ती बाहेरून आली. बोटाला पाचव्या मजल्यावरची चिमुरडी. या मुलीचे आईबाप दोघं कामाला जातात, म्हणून दीडच्या शाळेच्या बसवरून ताईच तिला आणते आणि संध्याकाळपर्यंत सांभाळते. चिमुरडी नुकतीच शंभरपर्यंत आकडे शिकलीय आणि दिसेल ते मोजते. माझ्या फळीवरच्या दांड्याही तिनेच मोजल्या. जुना चार, जांभळा पाच, हिरवा दोन.

"छोटू, दारात उभा राहून काय करतोस? आम्हाला वर जाऊ दे की," ताई म्हणाली. मी त्रेपन्न वर्षांचा आहे. तिच्यासाठी छोटूच. वडील गेले तेव्हा ती एकोणीसची होती आणि मी आठचा. तिच्या शिलाई मशीनच्या आवाजातच मी झोपायचो आणि त्याच आवाजात उठायचो. माझं शिक्षण त्या मशीनवर झालं. तिचं व्हायचं राहून गेलं.

मी तिला नवी व्यवस्था नीट समजावली. म्हटलं, "ताई, कधी अडकलीस तर एक लक्षात ठेव. ओरडायचं नाही, दार बडवायचं नाही. ओरडलीस की तुझा दमा उठेल. शांत उभं राहायचं आणि हे बटण दाबायचं. चार सेकंदांत मुलगी बोलेल. नाही बोलली तर परत दाबायचं."

"नक्की बोलेल?"

"मी स्वतः तपासलंय."

"मग झालं तर," ताई म्हणाली आणि तिने चिमुरडीकडून ते सगळं पाठ करून घेतलं. ओरडायचं नाही, बडवायचं नाही, बटण दाबायचं.

तिच्या मोबाईलमध्येही जांभळ्यांचं सिम घालून दिलं. पाच दांड्या बघून खूश झाली.

१८ मार्च, मंगळवार

एक्केचाळीस पूर्ण. मालकांना शब्द दिला: जांभळे. टायवाल्याचा नकाशा मूर्खपणाचा असेल, पण रेंज खरी आहे. हिरवे सगळीकडे मागे. इंजिनिअरने तक्ता चाळला, काही बोलली नाही, एकदा माझ्याकडे बघितलं. माझा अनुभव बघून गप्प बसली असावी.

२८ मार्च, शुक्रवार

सगळ्या डब्या बसवून झाल्या. प्रत्येक ठिकाणी दारात पाय ठेवून बटण दाबलं, प्रत्येक ठिकाणी "बोला" आलं. आवाज असा की मुलगी शेजारीच उभी आहे. अकरा दिवस घरी आवाज चढवला नाही, असं ही म्हणते. बीपीही उतरलंय.

३१ मार्च, सोमवार

सहा वाजता जुना फोन टेबलावर ठेवून बसलो. सहा वाजून दोन मिनिटांनी दांड्या एकदम गेल्या. बारा वर्षं राबलेला गडी, निरोपाचा चहासुद्धा नाही. मला उगीचच भरून आलं. हिला सांगितलं नाही.

९ एप्रिल, बुधवार

लिहिल्याशिवाय राहवत नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी चिमुरडीच्या आईचा फोन. ती आज लवकर घरी आली तर पोरगी नाही, ताईचं दार बंद, ताईचा मोबाईल लागत नाही आणि लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये उभी. मी पंधरा मिनिटांत पोचलो. दुपारी पावणेदोनला वीज गेली होती. ती दहा मिनिटांत परत आली, पण लिफ्ट तिथेच अडकून राहिली. म्हणजे दोघी जवळजवळ तीन तास आत होत्या.

वर मशीनरूममध्ये जाऊन हाताने मोटरचं चाक फिरवलं, केबिन चौथ्यावर आणली, चावीने दार उघडलं. ताई खाली बसलेली, पाठ भिंतीला, ओठ निळे. दम्याचा पंप वर घरी. चिमुरडी बटणासमोर उभी होती. मला बघून म्हणाली, "मामा, मी शंभर वेळा दाबलं. मग परत एकपासून दाबलं."

कंट्रोल रूमच्या नोंदीत एकही कॉल नाही. एकही नाही!

ताई हॉस्पिटलमध्ये आहे. नाकाला नळी लावलीय. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.

त्या टायवाल्याला मी सोडणार नाही. शंभर टक्के कव्हरेज! माझ्या बहिणीच्या जिवाशी खेळलेत हे लोक. उद्या सकाळी त्यांच्या ऑफिसात जाऊन असा तमाशा करतो की त्यांचा नकाशा पांढरा पडला पाहिजे.

१० एप्रिल, गुरुवार

तमाशा केला. थंडगार हॉल, जांभळ्या खुर्च्या, टोकन घ्या म्हणे. मी टोकन फाडून टाकलं. टायवाला आला तेव्हा सगळ्यांसमोर त्याला सुनावलं की तुम्ही खोटारडे आहात, लोकांचे जीव घेता आणि वर टाय बांधता. सुरक्षारक्षक येऊन माझ्या दोन्ही बाजूंना उभे राहिले.

टायवाल्याने आवाज चढवला नाही. तो आत गेला आणि एक कागद घेऊन आला. आमचाच तक्ता, मालकांनी ऑर्डरसोबत पाठवलेला.

"सर, आमच्या नकाशावर तुमचा विश्वास नव्हता. बरोबरच होतं. म्हणून आम्ही तुमच्या आकड्यांवर विश्वास ठेवला. हे बघा, दार बंद, जांभळा पाच. खाली सही तुमची आहे."

चोराच्या उलट्या बोंबा! मी त्याला तसं म्हणालोही. कागद तिथेच भिरकावला आणि बाहेर आलो. बाहेर आल्यावर मात्र बराच वेळ स्कूटरची चावी सापडेना. ती हातातच होती.

११ एप्रिल, शुक्रवार

सकाळी इंजिनिअरने तोच तक्ता माझ्यासमोर ठेवला.

"काका, एक्केचाळीस लिफ्ट आहेत. दोन्ही रकान्यांत एका दांडीचाही फरक कुठेच नाही?"

मी उसळलो. एकोणतीस वर्षं झाली, तू जन्मलीही नव्हतीस, असलं काहीबाही बोललो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझीही चूक आहे. मला त्याच दिवशी संशय आला होता. तुम्ही रागावाल म्हणून गप्प बसले." आणि फळी उचलून चालायला लागली.

ताईच्या इमारतीत गेलो. इंजिनिअर फळी घेऊन केबिनमध्ये शिरली. मी मशीनरूममधून केबिन तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये थांबवली आणि चौथ्या मजल्यावर येऊन बंद दाराबाहेर उभा राहिलो. ठरल्याप्रमाणे आधी जांभळ्या फोनवर फोन लावला. माझ्या कानात एक बाई गोड आवाजात म्हणाली, आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती नेटवर्कच्या बाहेर आहे. ती व्यक्ती माझ्यापासून सहा फुटांवर होती.

पुन्हा लावला. तीच बाई. पाच वेळा लावला.

मग हिरवा लावला. दुसऱ्या घंटेला इंजिनिअरने उचलला. "बोला, काका. एकच दांडी आहे, पण आहे."

ती दोनदा "हॅलो" म्हणाली. मग मी केबिन वर आणली.

बाहेर आल्यावर तिने समजावलं. जांभळ्यांच्या लहरी आखूड. मोकळ्यात जोरात, दार उघडं असलं की जोरात, पण भिंत आणि पत्रा मध्ये आला की संपल्या. हिरव्यांच्या लांब, मुरतात. पत्रकात लिहिलंच होतं. मी ते वाचून हसलो होतो. इथे, याच वहीत.

घरी आल्यावर ती पानं वाचली. हिला वाटलं मी लिहितोय, म्हणून चहा ठेवून गेली. 'माणूस जिथे अडकणार तिथे उभं राहून मोजायला नको?' हे अक्षर माझंच आहे. टायवाला गाडीच्या टपावरून मोजत होता आणि मी दारात उभा राहून. त्याने निदान सगळ्यांना सांगितलं होतं की तो कुठून मोजतो. मी दुसऱ्या रकान्यात खोटे आकडे लिहिले आणि खाली सही ठोकली. इतका संताप मला उभ्या जन्मात आला नव्हता, आणि ज्याच्यावर आलाय त्याला ऑफिसात गाठून झापायचीही सोय नाही.

१२ एप्रिल, शनिवार

ताईला घरी आणलं. तिला सगळं सांगितलं, रकान्यांसकट. ती उशीला टेकून ऐकत होती.

एक गोष्ट मला डाचत होती. चौथ्या मजल्यावर एक आजोबा दिवसभर घरात असतात. दाराशीच खुर्ची टाकून पेपर वाचतात. एक हाक मारली असती तर दहा मिनिटांत सुटका होती. मी विचारलं, "ताई, ओरडली का नाहीस?"

ती म्हणाली, "तूच म्हणाला होतास ना, ओरडायचं नाही."

मी मान खाली घातली.

"चिमुरडी ओरडणार होती रे," ताई म्हणाली. "मीच तिला गप्प केलं. म्हटलं, माझ्या भावाने स्वतः तपासलंय, बटण दाब, आत्ता बोलतील. ती दाबत होती आणि मी मनात म्हणत होते, छोटू बोललाय म्हणजे लागणारच."

ती हे तक्रारीच्या सुरात बोलली असती तर बरं झालं असतं. ती साधं, झालं तसं सांगत होती. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो.

१४ एप्रिल, सोमवार

मालकांना लेखी कळवलं की चूक कंपनीची नाही, माझी आहे. नोकरीवरून काढायचं तर काढा, पण आधी मला एक्केचाळीस लिफ्ट पुन्हा मोजू द्या. मोजेपर्यंत प्रत्येक केबिनमध्ये कागद चिकटवला की बटणावर विसंबू नका, ओरडा, दार बडवा. मालकांनी ते वाचून खिशात ठेवलं. म्हणाले, "मोजून या. मग बोलू." टायवाल्यालाही फोन केला. माफी मागताना जीभ जड झाली, पण मागितली. तो म्हणाला, "सर, नकाशाखाली एक ओळ टाकायला सांगितलीय, हे मोजमाप उघड्या रस्त्यावरचं आहे म्हणून." टाकतील तेव्हा खरं.

ताई आज जिन्याने खाली आली आणि जिन्यानेच वर गेली. सहा मजले, प्रत्येक मजल्यावर बसत. मला चौथ्यावरच्या आजोबांनी सांगितलं. त्यांनी विचारलं तर ती म्हणाली, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं की एक पायरीही चढायची नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

मोजणी संपली. इंजिनिअर आत, मी मशीनरूममध्ये. दार लावून चौतीस ठिकाणी हिरवा लागतो. सात ठिकाणी कुणीच नाही, तिथे तार ओढून साधा फोन बसवायचा ठरलं. जांभळा दार लावल्यावर फक्त सहा ठिकाणी जिवंत राहिला.

एक गोष्ट लिहायलाच हवी. आत मी जायला हवं होतं. पहिल्या दिवशी गेलोही. पण दार सरकायला लागलं की पाय पुढे. तीनदा प्रयत्न केला. पाय ऐकेना. शेवटी त्या पोरीनेच फळी माझ्या हातातून घेतली, आणि यावेळी ती हसली नाही.

१९ एप्रिल, शनिवार

ताईच्या लिफ्टमध्ये हिरवी डबी बसवली. कंट्रोल रूमला आधी कळवून ठेवलं. मग वर गेलो आणि ताईला म्हटलं, "चल, खाली जाऊन येऊ."

"मी जिन्याने येते. डॉक्टरांनी..."

"ताई, डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मला माहीत आहे."

ती पकडली गेल्यासारखी हसली. मग चपला घातल्या, दम्याचा पंप मुठीत घेतला आणि लिफ्टपाशी आली. दाराशी थांबली. मी आधी आत गेलो आणि हात पुढे केला. तो धरून ती आत आली. मी बटण दाबलं. दार सरकत आलं आणि थाडकन थांबून परत मागे गेलं.

ताईने खाली बघितलं. मीही बघितलं. उंबऱ्यात माझा डावा बूट होता, खाच दाराकडे करून.

"पाय काढ," ताई म्हणाली.

मी काढला. दार लागलं. पत्र्यावर पत्रा बसल्याचा आवाज आतून किती मोठा येतो ते मला एकोणतीस वर्षांत माहीत नव्हतं. तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये मी आतला स्टॉप दाबून केबिन थांबवली. ताईने माझा हात सोडला नाही, दुसऱ्या हाताने लाल बटण दाबलं आणि मनातल्या मनात मोजायला लागली. तिचे ओठ हलताना दिसत होते. सहापर्यंत गेली.

"बोला," आवाज आला. खरखरीत होता, थोडा लांबचा, पण होता. "कोणी अडकलंय का?"

"नाही गं बाई," ताई डबीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली. "आम्ही तपासतोय. माझा भाऊ आहे सोबत. दार लावून तपासतोय."